भागीरथीआक्काचं ऊन

सुरतेत कोसाडजवळच्या त्या रो-हाऊसच्या रांगेत चैत्र लागला की सकाळी सकाळी एक वरात निघायची. कुणाच्या डोक्यावर पातेलं, कुणाच्या काखेत जुन्या लुगड्यांच्या घड्या, खाटेचे दोन पाय एकीनं धरलेले आणि दोन तिच्या जावेनं. ही सगळी मंडळी कोपऱ्यावरच्या भागीरथीआक्काच्या घरात शिरायची आणि अरुंद जिन्यातून एकमेकींना ढुशा देत वर चढायची. वरून आक्काचा आवाज यायचा, "व माय, चपला खाले काढा! मनं धाबं से, एसटी स्टँड नही!"

चपला खाली राहायच्या आणि आक्काच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, बिबड्यांचा कारखाना सुरू व्हायचा.

बिबड्यांवर खानदेशी माणसाचा जीव असतो. ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो चटका बसेल इतका गरम असतानाच ओल्या लुगड्यावर हातानं थापत जायचं. पुढचं काम उन्हाचं. उन्हानं हयगय केली तर बिबडी आंबते, आणि आंबलेली बिबडी ताटात पडली की पाहुणा पुन्हा फिरकत नाही.

तशा गच्च्या रांगेत सगळ्यांनाच होत्या. पण कुणाच्या गच्चीवर पाण्याची टाकी मधोमध बसलेली, कुणाच्या गच्चीवर शेजारच्या मजल्याची सावली, कुणाच्या गच्चीवर सासू. आक्काचं घर कोपऱ्याचं, दक्षिण बाजू सताड उघडी. सूर्य उगवायचा तो थेट तिच्याच कठड्यावर आणि मावळताना तिलाच सांगून जायचा. शिवाय आक्का स्वतः होती. तिच्या हातचा घाटा कधी करपला नाही आणि तिच्या तोंडचा शब्द कधी अडला नाही. कुणाची सून रुसली, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, गावाकडे कोण कुणाशी बोलेनासं झालं, याची सगळी उलाढाल त्या गच्चीवर व्हायची. नांदेडकडची मंदा या रांगेत राहायला आली तेव्हा तिला बिबडी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. आक्कानं तिला वर बोलावलं, शेजारी बसवलं, हात ओला करून दिला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मंदा इतरांना जाडी शिकवायला लागली.

आक्का मूळची धुळ्याकडची, पांझरेकाठची. लग्न होऊन सुरतेला आली ती सुकदेवच्या मागे. सुकदेव कडोदऱ्याला लूमवर होता. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे तो घरातही असा बोलायचा की मीठ मागितलं तरी गल्लीत चार दारं उघडायची. आक्का घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. दोघांनी मिळून भाड्याच्या खोल्या पालटत पालटत अखेर हे घर केलं. घर बघायला गेले त्या दिवशी सुकदेव नळ सोडून बघत होता, भिंती ठोकून बघत होता. आक्का मात्र तडक जिना चढून वर गेली, मधोमध उभी राहिली, डोळे बारीक करून तिनं आभाळाकडे पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "ओ गोपालना बाप, हाऊच घर लेवानं!"

तर अशा या गच्चीवर संकट आलं, आणि ते आक्काच्याच बेडरूममधून आलं.

गेली काही वर्षं सुरतेचा उन्हाळा असा काही तापायला लागला होता की पंखा नुसती गरम हवा इकडून तिकडे ढकलायचा. आक्काच्या मुलानं, गोपालनं, एसी आणला. आक्कानं आधी नाक मुरडलं. "थंड हवा इकत लेवानी? उद्या पानी इकत लेशात!" असं म्हणाली, जणू काही पाण्याचा जार घरात येतच नव्हता. मग एक दिवस दुपारी बिबड्या घालून खाली आली, जरा टेकावं म्हणून त्या खोलीत आडवी झाली आणि थेट चहाच्या वेळेला उठली. तेव्हापासून रिमोट तिच्या उशीखाली. सुनेनं बंद केला की ती चालू करायची. ऊन वर पाहिजे आणि गारवा खाली पाहिजे, असा तिचा सरळ हिशेब होता, आणि त्यात तिला काही खटकत नव्हतं.

रांगेतल्या घराघरात हेच चाललं होतं. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर त्या उन्हाळ्यात दोनदा धडाम् झाला. लाइट बिल आलं तेव्हा सुकदेवनं ते वाचलं. म्हणजे सगळ्या रांगेनं ऐकलं.

गोपालला मात्र ही संधी वाटली. तो आधी बापाबरोबर लूमवर जायचा. पण त्याचे डोळे छपरांकडे लागले होते. सुरतेत वीज पुरेना. लूम रात्रंदिवस चालू, एसी रात्रंदिवस चालू, आणि जो तो शेठ छपरावर सोलर टाकत सुटलेला. गोपालनं लूम सोडला, एका सोलर कंपनीत फिटरच्या हाताखाली लागला आणि बघता बघता स्वतःची टोळी घेऊन साइटवर जाऊ लागला. त्याची बायको सोनाली इच्छापोरच्या कारखान्यात कामाला. तिथं सोलरच्या प्लेटा बनायच्या. मागणी इतकी की प्लेट बनून थंड होते न होते तोच ट्रकमध्ये चढायची. म्हणजे सुनेनं बनवायच्या, मुलानं बसवायच्या आणि घराच्या डोक्यावर एकही नाही, असा मामला होता. गोपाल ज्या घरी सोलर विकायला जायचा तिथं पहिला प्रश्न हाच यायचा, "तुमच्या घरावर आहे का?" आपल्या माणसांना फसवायला आलेल्या आपल्याच माणसाकडे बघावं तसं लोक त्याच्याकडे बघायचे.

कडोदऱ्याचे जेरामशेठ तर यात सगळ्यांवर कडी. मोठी शेड, मागांच्या रांगाच रांगा, विजेचा खर्च डोक्यावर बसलेला, तरी शेठ सही करेनात. "तमारा घर पे क्यूं नहीं लगाया?" एवढंच विचारायचे आणि हसायचे. गोपालच्या मालकानं सांगून ठेवलं होतं की ही शेड मिळाली तर कडोदऱ्याचं सगळं काम गोपालच्या हाती. गोपालची झोप उडाली होती.

शेवटी त्यानं जेवताना विषय काढला. आक्काचा घास हातातच राहिला.

"धाबं?" ती म्हणाली. "मनं धाबं?"

"माय, गच्ची तुनीच राही," गोपाल घाईघाईनं म्हणाला. "प्लेटा अशा उंच लोखंडावर बसाडसू की खाले तू गरबा खेळ. प्लेटा वर, तू खाले. आनि एसी दिवसभर चालाड, कोनी काही बोलाव नही."

शेवटचं वाक्य बरोबर जागी लागलं. आक्कानं रात्रभर, अर्थात एसीच्या गारव्यात, विचार केला आणि सकाळी होकार दिला.

दिवाळीनंतर प्लेटा लागल्या. उंच लोखंडी चौकटीवर दोन ओळी, मधून धुवायला जायची जाळीची अरुंद वाट, तिला लावलेली शिडी. धुण्याचं काम सुकदेवकडे. तोही खूश, त्याला पाइप धरायला मिळाला. नवीन मीटरला आक्कानं स्वतः हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि रांगेत पेढे वाटले. थंडीचं कलतं ऊन चौकटीखालून बाजूनं गच्चीवर यायचं. आक्का त्यात बसून हरभरे सोलायची आणि म्हणायची, पोऱ्यानं शब्द पाळला हो. तिचं बघून रांगेतल्या इतर घरांनीही गोपालकडे नावं दिली. मंदानंसुद्धा दिलं.

मग चैत्र आला.

वरात नेहमीसारखी जिना चढून वर गेली. खाटा मांडल्या, लुगडी अंथरली, घाटा थापून झाला. सूर्य वर चढत गेला. आणि जसजसा तो वर चढला तसतशी गच्चीवर सावली पसरत गेली. आधी एका खाटेवर, मग दुसरीवर, मग सगळ्याच गच्चीवर. बायकांना आधी मजाच वाटली. "आक्का, किती गार वाटायलंय की वो!" मंदा म्हणाली. आक्का खाटेजवळून उठली. तिनं वर पाहिलं. वर निळ्या-काळ्या प्लेटा मन लावून ऊन पीत होत्या आणि खाली एक थेंबही सांडू देत नव्हत्या.

"मनं ऊन कोठे ग्यं?" ती म्हणाली.

गोपाल खोटं बोलला नव्हता. गच्ची तिचीच होती. फक्त ऊन तिचं राहिलं नव्हतं.

त्या दिवशीच्या बिबड्या ओल्याच राहिल्या, दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला, आणि आक्काच्या आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पातेलं गुरांपुढे गेलं. बायका चांगल्या स्वभावाच्या. कुणी आक्काला दोष दिला नाही. "आमी बगतो कुठं तरी," एवढंच म्हणून त्या खाटा घेऊन खाली उतरल्या. आक्का कठड्याला धरून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला संतापही येत होता.

संध्याकाळी गोपाल घरी आला तो सापडलाच.

"तू मनं ऊन इकी टाकं!"

"माय, बिबड्यांसाठी एवढं काय? बाजारात मिळतात."

आता हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. आक्का त्याच्यासमोर बसली आणि आजवर कधी न सांगितलेली गोष्ट तिनं त्याला सांगितली. तो रांगत होता तेव्हाची. लिंबायतच्या भाड्याच्या खोलीवर घरमालकिणीची गच्ची होती. सुरतेतला पहिला उन्हाळा. आक्का न विचारता वर गेली आणि तिनं चार बिबड्या घातल्या, गावाकडे कुणाच्याही धाब्यावर घालतात तशा. मालकीण वर आली आणि तिनं ते ओलं लुगडं उचलून खाली गटाराच्या कडेला टाकलं. बोलली काहीच नाही. आक्का खाली जाऊन ते लुगडं धूत बसली. "त्या दिनले मी ठरायं," आक्का म्हणाली, "सुरतमा मी कोना कडे ऊन मांगाव नही. मनं सोताचं ऊन राही, आनि मनाकडे कोनीबी येवो."

गोपालनं सगळं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी जेरामशेठनी भेटायला बोलावलं होतं. "पुढल्या आठवड्यात काही तरी करू, माय," असं म्हणून तो पाय धुवायला गेला. चैत्रातलं ऊन आठवडाभर वाया घालवायचं म्हणजे काय, हे त्याला काय ठाऊक?

आक्का काही आठवडा थांबणारी बाई नव्हती.

सकाळी सुकदेव शिडी चढून प्लेटा धूत होता. आक्का खालून त्याला सूचना देत होती, कारण ती दिल्याशिवाय त्याला धुता येत नाही असं तिचं मत होतं. तिच्या लक्षात आलं की पाइपचं पाणी प्लेटवर पडतं आणि बघता बघता उडून जातं. ती शिडी चढली. पदर खोचलेला, एक हात शिडीला, एक हात प्लेटवर. हात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"गोपालना बाप," ती म्हणाली, "हाई त तवा से!"

खालून काच तापलेली, वरून सूर्य तापलेला. अशी जागा ब्रह्मदेवानं बिबड्यांसाठीच घडवली असणार, यात तिला शंका उरली नाही. तिनं कठड्यावरून वाकून मंदाला हाक मारली.

मंदा जरा घाबरली. "आक्का, करंट बिरंट बसंल की."

"काच से. करंट वायरमा ऱ्हास. मना पोऱ्या हाऊच धंदा करस, मले माहीत नही का?"

तासाभरात घाटा शिजवून वरात पुन्हा जमली. ज्यांना शिडी चढता येत होती त्या जाळीच्या वाटेवर बसल्या, बाकीच्या खालून पातेली पोचवू लागल्या. प्लेटांवर ओली लुगडी अंथरली गेली: एक हिरवं, एक जांभळं, एक आक्काच्या लग्नातलं. घाटा थापला गेला. सुकदेव पाइप घेऊन शिडीपाशी पहाऱ्यावर. बिबड्या अशा वाळू लागल्या की बायका टाळ्या द्यायला लागल्या. आक्काच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाचं तेज होतं.

त्याच वेळी कडोदऱ्यात गोपाल जेरामशेठसमोर बसून मोबाइल दाखवत होता.

"बघा शेठ, माझ्याच घरचं. आत्ता या मिनिटाला किती वीज बनतेय ते ॲपमध्ये दिसतं."

शेठनी चष्मा लावला. "मोबाईल में तो तुम लोग कुछ भी दिखाओ, भाई. आंकडा तो कोई बी लिख सकता है."

"लाइव्ह आहे शेठ. बघत राहा."

शेठ बघत राहिले. आकडा खाली आला. मग आणखी खाली. मग असा घसरला की जणू कडोदऱ्यात भर दुपारी संध्याकाळ झाली. दोघांनी एकदमच खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"क्या हुआ?" शेठनी गोड आवाजात विचारलं. "घर का सोलार सो गया?"

गोपालनं ॲप बंद करून पुन्हा उघडलं; आकडा तोच. त्यानं बापाला फोन लावला. सुकदेवचा आवाज स्पीकर न लावताही शेठना ऐकू गेला. "हालो! काय? बंद? बंद काब्र पडी? मस्त ऊन तपी ऱ्हायनं आठे! सगळं बराबर से!" आणि त्याच्यामागून बायकांचं हसणं, आणि आक्काचा हुकूम, "ओ, ते दुसरं पातेलं वर द्या!"

गोपालनं फोन बंद केला. जेरामशेठ उठले, गाडीची किल्ली घेतली. "चलो. देखते हैं."

गाडीत गोपाल ॲपमधला तो पडलेला आकडाच बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोरून शेड गेली, कडोदरा गेलं, पुन्हा मागांचा खडखडाट आला.

गच्चीवर पोचल्यावर दोघं जिन्याच्या दारातच थांबले. वर प्लेटांवर रंगीबेरंगी लुगडी, लुगड्यांवर गोल गोल बिबड्या, आणि मधल्या वाटेवर मांडी ठोकून बसलेली भागीरथीआक्का, कोपरापर्यंत घाट्यानं माखलेली.

"माय!" गोपाल ओरडला.

"उना का?" आक्का म्हणाली. "हात धोय, आनि गरम घाटा खाई ले." मग तिला शेठ दिसले. तिनं डोक्यावर पदर घेतला. "शेठलेबी दे."

शेठ वर बघत होते. गुजराती माणूस आईला हाक मारतो तशी आक्काला हाक मारून त्यांनी विचारलं, "बा, ये पापड सोलार पे क्यूं?"

"पापड नही!" आक्का दुखावली. "बिबड्या सेत!"

गोपाल कपाळाला हात लावून खाली बसला होता. त्यानं तसाच मोबाइल काढला. "लुगडी काढा," तो म्हणाला. "सगळी काढा. आत्ताच्या आत्ता."

पहिल्या लुगड्यावरच्या बिबड्या वाळत आल्या होत्या. आक्कानं आणि मंदानं चार टोकं धरून ते अलगद उचललं. शेठ गोपालच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होते. थोड्या वेळानं आकडा वर सरकला. दुसरं लुगडं निघालं. आकडा आणखी वर. तिसरं निघालं. आकडा पुन्हा वर. शेठचे डोळे मोठे झाले.

"पाछुं मूको," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"वापस रखो, बा! एक वापस रखो!"

"तुटी जाईत मन्या बिबड्या!" आक्का म्हणाली. पण शेठ लहान पोरासारखे हट्टाला पेटले होते, आणि तोवर त्यांनी वाटीभर घाटा संपवून वाटी पुढे केली होती. घाटा मागून खाणाऱ्या माणसाला आक्का नाही म्हणू शकत नसे. तिनं एक लुगडं पुन्हा अंथरलं. आकडा उतरला. "उठाव!" आकडा चढला. शेठनी मांडीवर थाप मारली. कितीतरी सोलरवाले येऊन गेले, म्हणाले, सगळ्यांनी कागद दाखवले, मोबाइल दाखवले, मला वाटायचं थापा मारतात. आज डोळ्यांनी बघितलं की ऊन झाकलं तर वीज जाते आणि ऊन दिलं तर येते. जाताना त्यांनी वाळलेल्या बिबड्या कागदात बांधून नेल्या आणि दुसऱ्या दिवशी शेडच्या कामावर सही केली.

त्या संध्याकाळी घरात आनंदीआनंद. गोपालनं पेढे आणले, सोनालीनं शेवभाजी केली, सुकदेवनं सगळा किस्सा नातेवाइकांना फोनवर सांगितला, म्हणजे फोन नसता तरी चाललं असतं. गोपाल हसून हसून थकला. मग जरा शांत झाल्यावर म्हणाला, "पण माय, आता प्लेटांवर पुन्हा काही ठेवू नको. अर्धवट झाकली की प्लेट आतून जळते. घरालाच धोका."

"खरंय आत्या," सोनाली म्हणाली. "आमच्याकडे परत आलेल्या जळक्या प्लेटा मी बघितल्यात."

आक्कानं हातातला पेढा ताटलीत ठेवला.

"ठीक से," ती म्हणाली. "नही ठेवाव. मंग मनं ऊन?"

सोनाली शेवभाजी वाढायला उठली. सुकदेवनं फोन खाली ठेवला.

"मंदाना धाबावर जाऊ का? तठेबी तू प्लेटा लावनार. त्या पलीकडे, तठेबी. तू सगळ्या रांगनं ऊन इकी टाकं, बेटा. तुनं काम चांगलं से, मी नही म्हनत नही. एसी मीच लावस. पन मले एक खाटनं ऊन दे."

रविवारी सकाळी गच्चीवर लोखंड ठोकल्याचा आवाज आला. आक्का वर गेली तर गोपाल चौकटीवर चढलेला, हातात पाना. सुकदेव खालून आधार द्यायला उभा. मधल्या दोन प्लेटा सुटल्या, दोरानं खाली उतरल्या आणि भिंतीला टेकल्या. गच्चीच्या मधोमध लखलखीत उन्हाचा एक चौकोन पडला.

"एसी जरा कमी वेळ लावशील," गोपाल वरून म्हणाला.

"दखसू," आक्का म्हणाली. 'बघू' म्हणाली, 'हो' म्हणाली नाही.

चौकोन जागेवर थांबत नव्हता. सूर्य सरकला की तोही सरकायचा, आणि आक्का खाट त्याच्यामागे ओढायची: सकाळी टाकीकडे, दुपारी जिन्याकडे, मग कठड्याकडे. बिबड्या उत्तम वाळत होत्या. पण वरात येईना. आक्कानं आधी वाट बघितली, मग हाका मारल्या. बायका खालूनच म्हणायच्या, "तुमचं होऊ द्या आक्का, एवढीशी तर जागा." ती एकटी थापायची, एकटी ओढायची. तिखट बरोबर होतं, मीठ बरोबर होतं, आणि तिला ते काम ओझ्यासारखं वाटत होतं. एवढं भांडून मिळवलेल्या उन्हात ती एकटीच बसली होती.

मग मंदाच्या गच्चीचं काम निघालं. गोपाल मापं घ्यायला गेला होता आणि मंदा आक्काच्या गच्चीवर चढून तो चौकोन न्याहाळत उभी होती. "गोपालदादा," तिनं कठड्यावरून विचारलं, "माझ्या गच्चीवर बी आसं मोकळं ठिवता का?"

"ठेवतो की, मावशी. पण तुमची गच्ची लहान. दोन प्लेटा काढल्या तर एसीपुरती वीज निघणार नाही त्यात."

मंदाची सासू वरच्या खोलीत भाजून निघायची, तिच्यासाठीच एसी घ्यायचा होता. मंदानं पुन्हा एकदा त्या चौकोनाकडे पाहिलं. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "समद्या प्लेटा लावा. वाळवण काय, इकत बी मिळतंय." आणि चेहरा दिसू नये म्हणून ती जिन्याकडे वळली.

"मंदा," आक्का म्हणाली. "तुनं पातेलं कोठे से?"

"घरी हाय. का वो?"

"लई ये. आनि त्या बाकीन्यासले सांग, आपापलं लई या. सकाळे एक, दुपारले एक, पाळी लावसूत."

"दर साली तुमच्याकडं कसं यावं, आक्का?" मंदा ओशाळून म्हणाली. "तुमचंच ऊन आता एवढुसं ऱ्हायलं."

"ऊन काय मी माहेरथून आनेल से का?" आक्का म्हणाली. "ये."

आणि तिनं आपली खाट त्या चौकोनातून अर्धी बाहेर सरकवली.